श्रीसाईसच्चरितातील संवाहनसेवा : दाबाचे माप कोणाच्या हाती?

१

संतांच्या व सत्पुरुषांच्या मराठी चरित्रांत पाय चेपणे, पाठ रगडणे, अंगास तेल वा तूप चोळणे अशा शारीरिक सेवेचे उल्लेख पदोपदी येतात. समीक्षकांची दृष्टी मात्र त्यांवर क्वचितच स्थिरावते. जेव्हा ती स्थिरावते तेव्हा सामान्यतः दोहोंपैकी एक वाट धरली जाते. पहिली वाट रूपकाची. तिच्यावरून जाणारा अभ्यासक चरणसेवा म्हणजे अहंकाराचा त्याग, असे समीकरण मांडतो आणि पाय, हात, पाठ, पोट ही सारी इंद्रियगोचर सामग्री बाजूस सारतो. दुसरी वाट अलीकडची आहे. तिच्यावरील अभ्यासक आधुनिक शरीरविज्ञानास साक्षीस बोलावतो व आपल्या पूर्वजांना मर्दनाचे गुण आधीच ठाऊक होते असा निर्वाळा देऊन मोकळा होतो. पहिल्या वाटेने शरीर हरवते, दुसऱ्या वाटेने ग्रंथ हरवतो.

या दोन्ही वाटांची परीक्षा घेण्यास शिर्डीच्या श्रीसाईसच्चरिताइतका सोयीचा ग्रंथ मराठीत दुसरा सापडणे कठीण. गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत (१८५९–१९२९) यांची ही त्रेपन्न अध्यायांची ओवीबद्ध रचना. ग्रंथकार सरकारी नोकरीत मॅजिस्ट्रेटच्या पदापर्यंत चढलेले व १९१६ मध्ये निवृत्त झालेले गृहस्थ होते. ते १९१० मध्ये प्रथम शिर्डीस आले आणि साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी देह ठेवला. अर्थात ग्रंथातील बराच भाग डोळ्यांनी पाहिलेल्या किंवा पाहणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या घटनांचा आहे. साक्षीपुराव्याची सवय असलेल्या या लेखकाने कोण कोठे बसले होते, कोणाचा हात कोठे होता, दाब किती जोराचा होता, हे तपशील टिपून ठेवले आहेत. भक्तिग्रंथात असे तपशील सहसा टिकत नाहीत. येथे ते टिकले आहेत आणि म्हणूनच त्यांचा अर्थ लावण्याची जबाबदारी वाचकावर येऊन पडते.

प्रश्न असा की, या ग्रंथातील संवाहन हा उपचार आहे, उपासना आहे, की दोहोंहून निराळे असे काही आहे? आणि एका शरीरावर दुसऱ्याने द्यावयाच्या दाबाचे माप ठरविण्याचा अधिकार ग्रंथ कोणास देतो?

२

प्रथम परंपरेचा विचार कर्तव्य आहे. संवाहन हा शब्द संस्कृत वाङ्मयात अंग हळुवार दाबणे, चोळणे या अर्थाने रूढ आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत त्याचा समावेश होतो. शूद्रकाच्या मृच्छकटिकात तर संवाहक नावाचे एक पात्रच आहे. कला म्हणून शिकलेली ही विद्या पुढे त्याची उपजीविका झाली. द्यूताने तो नागवला गेला आणि शेवटी त्याने भिक्षूची दीक्षा घेतली. वैद्यकात या क्रियेस निराळे स्थान आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात नित्य अभ्यंग सांगितला आहे, तो मस्तक, कान व पाय यांना विशेषेकरून करावा असे म्हटले आहे, आणि श्रम, जरा व वात यांचे निवारण तसेच सुखाची झोप ही त्याची फळे दिली आहेत. त्याच ठिकाणी कफाचा प्रकोप, अजीर्ण आणि नुकतेच झालेले शोधन अशा अवस्थांत अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे, ही गोष्ट विसरू नये. म्हणजे मर्दन सर्वांस सर्वकाळ हितकर, असा भाबडा दावा प्राचीन वैद्यकाने केलेला नाही.

कला, उपजीविका आणि उपचार यांच्या जोडीला मराठी मनाने चौथा अर्थ दिला तो सेवेचा. पंढरीचा विठ्ठल विटेवर का उभा, या प्रश्नाचे परंपरेने दिलेले उत्तर प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. देव दारी आला तरी त्याने हात थांबविले नाहीत, वीट पुढे सारली व थांबण्यास सांगितले. महाराष्ट्राचे आराध्यदैवत एका अखंड चाललेल्या संवाहनाची वाट पाहत उभे आहे, असे म्हटले तरी चालेल. महानुभावांच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या दिनक्रमात मर्दनाचे उल्लेख सहजपणे येतात आणि तेथे त्यांस रूपकाचे ओझे नाही. उलट दासबोधाच्या चौथ्या दशकात, नवविधा भक्तीच्या निरूपणात, पादसेवन ही चौथी भक्ती येते. समर्थांनी तिचा विचार सद्गुरुचरणांच्या आश्रयाने जन्ममरणातून सुटणे या अर्थाने केला आहे. तेथे प्रत्यक्ष पाय दिसेनासे होतात आणि ज्ञान उरते. श्रीसाईसच्चरित या दोन टोकांच्या मध्ये उभे आहे. हेमाडपंतांची निरूपणपद्धती दासबोधाच्या वळणाची असली तरी त्यांचे निवेदन लीळाचरित्राच्या जातीचे आहे. या दोहोंतील ताणामुळेच संवाहनाचे प्रसंग वाचनीय झाले आहेत.

मराठी क्रियापदांची श्रीमंतीही येथे ध्यानात घ्यावयास हवी. चेपणे, दाबणे, चोळणे, रगडणे, मळणे, तिंबणे, तेल जिरविणे या प्रत्येकात दाबाची प्रत व हाताची गती निराळी आहे. पाय चेपतात, पाठ रगडतात, लहान मुलाच्या टाळूवर तेल जिरवितात. यांची अदलाबदल करता येत नाही. नागेश वासुदेव गुणाजी यांनी १९४४ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले. त्यात चेपण्यासाठी त्यांनी शाम्पूइंग हा शब्द योजिला आहे. तो शब्द मुळात हिंदीतील चाँपना या धातूवरून इंग्रजीत गेलेला. पाटण्याकडचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रायटन येथे स्नानगृह चालवून तो तेथे रूढ केला. परंतु गुणाजींच्या काळापर्यंत इंग्रजीत त्याचा अर्थ केस धुण्याकडे सरकला होता. त्यामुळे आजचा इंग्रजी वाचक त्या ओळींशी थबकतो. दाबाची प्रत सांगणारा शब्द परभाषेत गेला की प्रथम दाबच नाहीसा होतो, याचा हा बोलका दाखला होय.

३

ग्रंथातील चार प्रसंग येथे पुरेसे आहेत.

पहिला सातव्या अध्यायातील. १९१० सालच्या दिवाळीत धुनीजवळ बसले असता बाबांनी आपला हात धगधगत्या अग्नीत घातला. दूर कोठे लोहाराचे मूल भट्टीत पडले, त्यास वाचविण्यासाठी आपण असे केले, हा त्यांनी दिलेला खुलासा. माधवराव देशपांडे यांच्याकडून ही वार्ता कळताच नानासाहेब चांदोरकर मुंबईहून डॉक्टर परमानंद यांस मलमपट्टीच्या साहित्यासह घेऊन आले. बाबांनी त्यांस हात दाखविण्याचे टाळले. हाताची शुश्रूषा केली ती भागोजी शिंदे यांनी. तूप चोळावयाचे, वर पान ठेवावयाचे आणि पट्टी बांधावयाची, असा त्यांचा क्रम होता. भागोजी स्वतः महारोगाने पीडित होते. ज्या माणसाचा स्पर्श समाज टाळीत होता, त्याच्या हाती बाबांनी आपला भाजलेला हात दिला. परंतु या प्रसंगाचे सर्वांत अर्थपूर्ण अंग पुढेच आहे. जखम भरून आली तरी चोळण्याचा व पट्टी बांधण्याचा नित्यक्रम बाबांच्या देहावसानापर्यंत, म्हणजे आठ वर्षे, चालूच राहिला.

दुसरा प्रसंग आठव्या अध्यायातील आणि आकाराने लहान. मशिदीत बाबा, तात्या कोते पाटील आणि म्हाळसापती एकत्र निजत; तिघांची डोकी तीन दिशांस आणि पाय मध्यभागी एकमेकांस लागलेले. रात्री गप्पा चालत. कोणास डुलकी लागली की बाबा उठून त्यास हलवीत, जवळ घेत, आणि या सोबत्यांची डोकी, पाय, पाठ चेपण्याचे काम स्वतः करीत. येथे सेव्य व सेवक यांची नेहमीची मांडणी कोणताही गाजावाजा न होता उलटते.

तिसरा सत्ताविसाव्या अध्यायातील. अमरावतीचे प्रसिद्ध वकील व लोकमान्यांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांच्या पत्नी लक्ष्मीबाई बाबांचे पाय चेपीत बसल्या असता, बोलता बोलता बाबा त्यांचे हात चेपू लागले. माधवरावांनी त्यावर थट्टेने शेरा मारला की देव आणि भक्त एकमेकांची सेवा करीत आहेत, हे दृश्य मोठे मौजेचे आहे. मग बाबांनी लक्ष्मीबाईंस हळू आवाजात रामनामाचा मंत्र सांगितला.

चौथा व सर्वांत प्रदीर्घ प्रसंग चोविसाव्या अध्यायातील. बाबा मशिदीच्या कठड्याशी आहेत. एका बाजूस दामोदर घनश्याम बाबरे ऊर्फ अण्णा चिंचणीकर त्यांचा डावा हात चेपीत आहेत. दुसऱ्या बाजूस वृद्ध वेणूबाई कौजलगी, ज्यांना बाबा आई म्हणत आणि इतर सारे मावशीबाई म्हणत, त्या दोन्ही हातांची बोटे गुंफून बाबांच्या कमरेस विळखा घालून पोट रगडीत आहेत. रगडणे इतके जोराचे की पोट व पाठ एक व्हावी आणि बाबांचा देह इकडून तिकडे हलावा. या हेलकाव्यांत मावशीबाईंचे तोंड अण्णांच्या तोंडाजवळ आले, त्यांनी थट्टा केली, अण्णा चिडले, आणि बाबांनी आईच्या नात्याचा आधार घेऊन तो तंटा हसतमुखाने मिटविला. पुढे अशाच एका वेळी मावशीबाईंचे रगडणे पाहून एक भक्त धास्तावला. बाई, जरा बेताने. आतडी, शिरा तुटतील, असे त्याने सुचविले. बाबा तत्काळ उठले. डोळे लाल झाले. त्यांनी आपला सटका घेतला, त्याचे एक टोक स्वतःच्या पोटात व दुसरे खांबास लावले आणि ते त्यावर पोट दाबू लागले. पाहणाऱ्यांस वाटले, आता पोट फाटणार. काही वेळाने राग शमला. या घटनेतून हेमाडपंतांनी काढलेला बोध असा की, कोणी कशी सेवा करावी यात तिसऱ्याने हात घालू नये. सेवेचे मोल सेव्यास कळते.

४

आता विज्ञानाची साक्ष. ती घेताना तिच्याकडून अनुकूल तेवढेच वदवून घेण्याचा मोह टाळावयास हवा.

मर्दनाचा शरीरावर परिणाम होतो, हे खरे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अकरा तरुणांना दमछाक होईपर्यंत व्यायाम करावयास लावून त्यांच्या एका पायास दहा मिनिटे मर्दन केले व दोन्ही पायांतील स्नायूंचे सूक्ष्म नमुने तपासले. मर्दन केलेल्या पायात दाहाशी निगडित रासायनिक संकेत मंदावलेले आढळले. मात्र मर्दनाने स्नायूतील लॅक्टिक आम्ल निघून जाते, ही सर्वत्र सांगितली जाणारी समजूत त्याच प्रयोगात निराधार ठरली. मनाच्या बाबतीत मोयर, राउंड्स व हॅनम यांनी २००४ मध्ये सदतीस अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. एकेका बैठकीने तात्कालिक चिंता, रक्तदाब व नाडीचा वेग कमी होतो. तर अनेक बैठकींच्या क्रमाने चिंतेची स्थायी प्रवृत्ती व विषण्णता इतकी उतरते की तिची तुलना मानसोपचाराशी करता यावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. परंतु कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण मर्दनाने मोठ्या प्रमाणावर घटते, हा लोकप्रिय दावा मोयर व सहकाऱ्यांच्या २०११ मधील परीक्षणात टिकला नाही. परिणाम जवळजवळ शून्याच्या आसपास आढळला. थोडक्यात, मन निवते हे खरे, पण ते का निवते याची सोपी रासायनिक उपपत्ती हाती नाही.

हाताच्या जागी साधन आले तर काय होते, हा यापुढचा प्रश्न. आजच्या व्यायामशाळांत फोम रोलर नावाचे साधन सर्रास दिसते. घट्ट स्पंजासारख्या कृत्रिम पदार्थाचे हे लांबट नळकांडे जमिनीवर ठेवून त्यावर मांडी, पोटरी वा पाठ टेकवावयाची आणि शरीराचा भार टाकून पुढेमागे सरकावयाचे. येथे दाबणारा व दाबला जाणारा एकच असतो. या स्वयंमर्दनाविषयी विएवेलहोव्ह व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एकवीस अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. व्यायामापूर्वी वापरल्यास लवचीकता सुमारे ४ टक्क्यांनी आणि धावण्याचा वेग ०.७ टक्क्याने वाढतो. व्यायामानंतर वापरल्यास स्नायूंच्या दुखण्याची जाणीव सुमारे ६ टक्क्यांनी कमी होते. एकंदर परिणाम अल्प, असे स्वतः विश्लेषकांनीच म्हटले आहे.

हा अल्प परिणाम कशाने होतो, याचे उत्तर अधिक मनोवेधक आहे. स्नायूंना वेढणारे आवरण, ज्यास फॅशिया म्हणतात, ते रगडण्याने मोकळे होते, अशी व्यायामशाळांतील समजूत आहे. परंतु चौधरी व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिकृतीनुसार मांडीवरील व तळपायातील जाड आवरणात कायमचा बदल घडविण्यास लागणारा जोर मानवी हाताच्या आवाक्याबाहेरचा आहे. शिवाय एका पोटरीवर रोलर फिरविला असता दुसऱ्या, न स्पर्शिलेल्या पोटरीचीही वेदना सहन करण्याची मर्यादा वाढते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. म्हणजे बदल मुख्यतः मांसात नसून मज्जासंस्थेत, जाणिवेत होतो. दाब ऊतीस आकार देत नाही. तो शरीरास काही सांगतो.

मग सांगणारा कोण, यास महत्त्व प्राप्त होते. त्वचेच्या केसाळ भागात मंदगती मज्जातंतूंचा एक वर्ग आहे. सेकंदास सुमारे १ ते १० सेंटिमीटर वेगाने, हलकेच आणि त्वचेच्याच उष्णतेने होणाऱ्या स्पर्शास तो सर्वाधिक प्रतिसाद देतो. अर्थात मानवी हात हीच त्याची नैसर्गिक भाषा आहे. दुसरे असे की, स्वतःच्या हालचालीने उत्पन्न झालेल्या स्पर्शाची चाहूल मेंदूस आधीच असते व तो त्याची तीव्रता कमी करतो. स्वतःस गुदगुल्या करता येत नाहीत त्या याचमुळे. आणि तिसरे, पाकहायझर व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, एकशे सदतीस अभ्यासांच्या विश्लेषणात असे आढळले की, शारीरिक लाभाच्या बाबतीत माणसाचा स्पर्श आणि वस्तूचा वा यंत्राचा स्पर्श यांत लक्षणीय अंतर नाही. मानसिक लाभाच्या बाबतीत मात्र माणसाचा स्पर्श सरस ठरतो.

५

ही साक्ष घेऊन ग्रंथाकडे परतले असता प्रथम दुसऱ्या वाटेचा फोलपणा ध्यानात येतो. भागोजींच्या तूप चोळण्याने हात बरा झाला, हे मर्दनाच्या औषधी गुणाचे प्रमाण मानणे चूक आहे. भाजलेल्या अंगावर तूप लावावे, अशी शिफारस आजचे वैद्यक करीत नाही. शिवाय ग्रंथकारासही ते सांगावयाचे नाही. त्यास सांगावयाचे आहे ते जखम भरल्यानंतरच्या आठ वर्षांविषयी. उपचाराचे प्रयोजन संपल्यावरही जी क्रिया चालू राहते ती उपचार नव्हे. बाबांस तिची गरज नव्हती, भागोजींस होती. म्हणून ती बाबांनी चालू ठेवू दिली, असाच ग्रंथाचा रोख आहे. स्पर्शाचा लाभ ज्यास स्पर्श होतो त्याच्याइतकाच, कदाचित अधिक, स्पर्श करणाऱ्यास होतो, ही गोष्ट येथे एका रोग्याच्या हातांनी सिद्ध झाली आहे. विज्ञानाच्या तक्त्यांत दाबणाऱ्याच्या मनाचा रकाना सहसा नसतो. हेमाडपंतांच्या निवेदनात तो आहे.

रूपकाची वाटही येथे अडखळते. मावशीबाईंचे रगडणे हे अहंकारत्यागाचे प्रतीक, असे म्हणून चालत नाही. कारण प्रतीकास विळखा घातलेल्या बोटांची, हलणाऱ्या देहाची, चुकून जवळ आलेल्या तोंडाची आणि त्यावरून पेटलेल्या भांडणाची गरज नसते. स्पर्शात संकोच असतो, स्त्रीपुरुषांच्या देहांमधील अंतर असते, गैरसमजास जागा असते, हे सारे या प्रसंगात मोकळेपणाने आले आहे. मातृत्वाचे नाते पुढे करून बाबांनी तो संकोच झाकला नाही, तर त्यास बसावयास जागा करून दिली. शरीर शरीर राहिले, म्हणूनच नाते नाते झाले.

आता सटक्याचा प्रसंग. त्यावरील भाष्यांत भर दिला जातो तो बाबांच्या रागावर. त्यांच्या कृतीची रचना मात्र दुर्लक्षित राहते. कठीण दांडा, मागे अचल खांब आणि वर स्वतःच्या देहाचा भार, अशी ती रचना आहे. दाबणारा व दाबला जाणारा येथे एक झाले आहेत. मधला माणूस निघून गेला आहे. स्वयंमर्दनाच्या आधुनिक साधनाशी असलेले हे सादृश्य केवळ रचनेचे आहे, हेतूचे नव्हे; बाबा आपले पोट रगडून घेत नव्हते, ते निषेध नोंदवीत होते. परंतु रचनेचे सादृश्यही बोलके असते. मावशीबाईंचा दाब कितीही जोराचा असला तरी तो ऐकणारा होता. समोरचा देह किंचित आखडला असता हात सैल पडला असता. खांब व सटका ऐकत नाहीत. माणसाचा हात धोकादायक म्हणून दूर करावयाचा, तर मागे काय उरते हे बाबांनी त्या भक्तास दाखविले: त्याहून कठीण वस्तू, आणि एकटा देह.

असा अर्थ लावला असता प्रसंगाची उंची वाढते. तथापि येथेच हेमाडपंतांच्या बोधाविषयी मतभेद नोंदविणे आवश्यक आहे. तिसऱ्याने मध्ये पडू नये, हा बोध ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीत म्हणजे सेव्याची सर्वज्ञता. ज्यावर दाब पडत आहे तो सर्व जाणतो, आपल्या देहाचे हित त्यास कळते आणि नको असल्यास तो नको म्हणू शकतो, एवढे मान्य असेल तरच पाहणाऱ्याने मुकाट राहणे योग्य. ग्रंथाच्या विश्वात हे गृहीत निर्विवाद आहे. ग्रंथाबाहेर ते टिकत नाही. पायातील शिरेत रक्ताची गाठ असलेल्या रुग्णास, हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धेस वा पोटातील रोहिणी फुगलेल्या माणसास दाबाचा धोका स्वतःस जाणवतोच असे नाही. तेथे बेताने असे म्हणणारा तिसरा मनुष्य हाच खरा हितकर्ता असतो. वाग्भटाने अभ्यंगाचे निषेध सांगितले ते याच तिसऱ्या माणसाच्या भूमिकेतून. चोविसाव्या अध्यायातील तो अनामिक भक्त निरूपणात चुकीच्या पक्षास ढकलला गेला आहे. त्याची भीती प्रेमातून आली होती, हे हेमाडपंतही नाकारीत नाहीत. पण त्याच्या भीतीस ते अर्थ देत नाहीत. निवेदक म्हणून त्यांनी त्यास जागा दिली. निरूपणकार म्हणून ती काढून घेतली.

याउलट सत्ताविसाव्या अध्यायातील प्रसंग अधिक संपूर्ण वाटतो. तेथे दाबाचे माप ठरविण्याचा प्रश्न भांडणाने सुटत नाही, तर परस्परतेने मुळातच उद्भवत नाही. लक्ष्मीबाई पाय चेपतात आणि बाबा त्यांचे हात चेपतात. ज्याच्या हाती दाब आहे तोच दाबाखाली आहे. स्वतःच्या दाबाची प्रत प्रत्येकास समोरच्याच्या हातातून कळते. तिसरा मनुष्य येथेही आहे, पण तो धास्तावत नाही, थट्टा करतो. आणि त्याची थट्टा हीच त्या दृश्याची मान्यता ठरते. काव्यदृष्ट्या चोविसावा अध्याय अधिक नाट्यपूर्ण आहे यात शंका नाही. परंतु संवाहनाविषयी ग्रंथास जे म्हणावयाचे आहे ते सत्ताविसाव्यात अधिक निर्दोषपणे म्हटले गेले आहे. मशिदीत रात्री सोबत्यांची पाठ चेपणारे बाबा हे त्याचेच आधीचे, अधिक घरगुती रूप होय.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. भक्तिग्रंथाच्या वाचनात स्नायू, मज्जातंतू आणि टक्केवारी यांचे काय काम? आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे. विज्ञान येथे ग्रंथाचा कैवार घेण्यास आलेले नाही; ते एक प्रश्न अधिक धारदार करण्यास आले आहे. दाबाचा परिणाम मांसापेक्षा जाणिवेवर अधिक होतो, आणि जाणिवेस कोणाचा हात हे कळते, एवढे दिसून आल्यावर रूपकवादी समीक्षेस शरीर ही निव्वळ टरफलासारखी वस्तू आहे असे म्हणता येत नाही. त्याचप्रमाणे मोजता येणारे परिणाम अल्प आहेत, हे दिसून आल्यावर उपचारवादी समीक्षेस चमत्काराची भाषा वापरता येत नाही. दोघांनाही ग्रंथाकडे परतावे लागते.

शिर्डीच्या संदर्भात हा प्रश्न केवळ ग्रंथगत नाही. मुंबईहून व अन्य ठिकाणांहून पायी पालख्या घेऊन शिर्डीस येणाऱ्यांची परंपरा आज दृढ झाली आहे. अनेक दिवस डांबरी रस्त्याने चालणाऱ्या यात्रेकरूच्या पोटऱ्या मुक्कामी भरून येतात. त्यास रोलर दिला तर त्याच्या दुखण्याची जाणीव थोडी उतरेल, हे विज्ञान सांगते, आणि तेवढ्यापुरते ते साधन उपयुक्तच आहे. ज्याच्याजवळ कोणी नाही त्याच्या हाती दाबाचे माप देणारे साधन तुच्छ मानण्याचे कारण नाही. परंतु सहयात्रेकरू एकमेकांचे पाय चेपतात तेव्हा जे घडते ते सहा टक्क्यांत मावत नाही. ते कशात मावते, हे सांगण्याची शब्दसामग्री मराठीत आहे. ती चेपणे आणि रगडणे यांतील भेदात आहे, आईच्या नात्यात आहे, भरून आलेल्या जखमेवर आठ वर्षे बांधल्या गेलेल्या पट्टीत आहे.

लीळाचरित्रातील मर्दनाचे उल्लेख आणि श्रीसाईसच्चरितातील संवाहनाचे प्रसंग यांचा तुलनात्मक अभ्यास, तसेच स्पर्शवाचक मराठी क्रियापदांचा दाबाच्या प्रतीनुसार संग्रह, ही दोन कामे या दिशेने करण्यासारखी आहेत. ती करताना एवढे पथ्य पाळावे की, मावशीबाईंच्या हातास जागा देताना बेताने म्हणणाऱ्या त्या अनामिक भक्ताची जागा हिरावून घेऊ नये. दाबणारा हात, दाब सोसणारा देह आणि दोघांकडे काळजीने पाहणारा तिसरा, हे तिघेही असतील तेव्हाच माप बरोबर ठरते.